चिंध्यांच्या झग्यातले आजोबा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, हे सांगायला मला क्षणभरही थांबावं लागत नाही. चांगुणाआत्याचे. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला, ती भिवंडीजवळच्या काल्हेरला माहेरी परत आली आणि तेव्हापासून आमचं घर तिनेच चालवलं. तिला सहीसुद्धा करता येत नव्हती. पण माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, गोदामवाल्या शेठशी मोठ्याने बोलून घरी आले की चपलांबरोबर आवाजही उंबऱ्याबाहेर काढून ठेवत. आई तिला विचारल्याशिवाय कालवणात आंबट टाकत नसे. आणि आत्या स्वतः जगात एकाच माणसाचं ऐकायची, तिच्या बापाचं. तो माझ्या जन्माच्या आठ महिने आधी वारला होता, पण तेवढ्यावरून त्याचं ऐकणं थांबवावं असं तिला कधी वाटलं नाही.

या आजोबांचं नाव हिराजी. त्यांच्याबद्दल घरात एकच गोष्ट सांगितली जाई, पण इतक्या वेळा की मला ती दहा गोष्टींएवढी वाटायची. गावात बांधावरून, खाडीतल्या जाळ्यांवरून, लग्नातल्या मानपानावरून भांडण झालं की माणसं त्यांच्याकडे येत. दोन्ही बाजू तावातावाने बोलू लागल्या की आजोबा हात वर करत आणि म्हणत, "पयले जेवा, मंग बगू." मग आत्या, तेव्हा परकरातली पोर, सगळ्यांना भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढायची. जेवून हात धुईपर्यंत निम्म्यांचा राग उतरलेला असे आणि उरलेल्यांना झोप येत असे. आजोबांनी आयुष्यात प्रत्यक्ष निवाडा एकही दिला नाही, तरी न्यायी माणूस म्हणून आसपासच्या पाच गावांत त्यांचं नाव होतं.

त्यांच्यामागून घरात पहिला मुलगा जन्मला तो मी, म्हणून मीही हिराजी. वर्गातल्या अमित आणि राहुल यांच्या हजेरीत माझं नाव आलं की नवीन सर चष्मा वर करून बघत, कोणी म्हातारा चुकून वर्गात बसलाय का म्हणून. आत्याची अडचण वेगळी होती. मला शिव्या द्यायच्या तर बापाचं नाव घेऊन द्याव्या लागल्या असत्या. म्हणून मी काही उपद्व्याप केला की ती आधी 'बारक्या' अशी हाक मारायची, पोटभर बोलायची, आणि राग संपला की 'हिराजी, चा घे' म्हणायची. हाकेवरून मला घरातलं हवामान कळायचं.

ज्या दिवसांबद्दल लिहितो आहे, तेव्हा आमच्या भातशेतात भात उगवायचं थांबून पत्र्याची गोदामं उगवली होती. ओटीवर बसलं की मागे येणाऱ्या ट्रकची टुंग-टुंग ऐकू यायची, आणि आमचा कोंबडा ती ऐकून दिवसाच्या कुठल्याही वेळी आरवायचा. मी भिवंडीला कॉलेजात जायचो. तिथे खिडकीबाहेर कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट इतका की प्राध्यापक घसा ताणून शिकवत. शुक्रवारी लूम बंद असायचे, पण सवयीने सर तसेच ओरडत राहायचे आणि आम्हाला वाटायचं आज काहीतरी चुकलंय. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी इंग्रजीत सपशेल आपटलेलाही मी पहिलाच.

 निकालाच्या दुसऱ्या दिवशी दादांनी सांगितलं की गोदामवाल्या शेठला सुपरवायझर हवा आहे. खुर्ची, पंखा आणि एक शिटी. "इंग्रजीची कटकट न्हाय," ते म्हणाले, "शिटी कुठल्या पन भाषेत वाजते." मला रडू यायचं बाकी होतं. मला शिकवायचं होतं, तेही लहान मुलांना. हे खूळ माझ्या डोक्यात प्रधानबाईंनी घातलेलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गावातल्या देवळाशेजारच्या हॉलमध्ये बालवर्ग चालवायच्या. गावातली पोरं आणि ट्रकवाल्यांची, गोदामातल्या कामगारांची पोरं एकाच सतरंजीवर. शनिवारचा गोष्टींचा तास त्यांनी माझ्याकडे दिला होता. आत्याने दादांचं आणि माझं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बालवर्गाचं संमेलन होऊ दे. मंग ठरवू." शेठने तोपर्यंत थांबायचं कबूल केलं. म्हणजे संमेलन होईपर्यंत मी विद्यार्थी होतो. त्यानंतरचं आत्याच्या हातात.

त्या वर्षी संमेलनाचा विषय बाईंनी ठरवला, 'जगातले सण'. बालवर्गातल्या दुसऱ्या ताईंनी अमेरिका, जपान, इंग्लंड असे देश आधीच पटकावले. मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "नायजेरिया." कारण एवढंच की भारताबाहेरचा मी एकच माणूस ओळखत होतो, आणि तो रोज दुपारी आमच्याकडे सुकट खायला यायचा.

त्यांचं नाव बाबाटुंडे. आम्ही टुंडेकाका म्हणायचो. योरुबा लोकांतले, इबादान नावाच्या शहरातले कापडाचे व्यापारी. आमच्या शेतातल्या गोदामात त्यांच्या मालाच्या गाठी बांधल्या जायच्या, म्हणून ते काही महिने काल्हेरच्या एका नव्या बिल्डिंगीत राहायला होते. एका दुपारी आत्या तव्यावर सुकट भाजत होती. त्या वासाने बाहेरचे लोक नाकाला रुमाल लावतात. हे मात्र रस्त्यावरून वास घेत घेत आमच्या दारात येऊन उभे राहिले. सहा फुटांच्या वर उंची, अंगात पायघोळ निळा झगा, आणि डोळ्यांत पाणी.

"अम्मा," ते भिवंडीत शिकलेल्या हिंदीत म्हणाले, "ये मेरा घर का बास है. मेरा माँ भी सूखा झिंगा ऐसाच डालता."

आत्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, त्याला जरा वेळ लागला. मग मला म्हणाली, "इचार त्याला, जेवलाय का."

त्या दिवसापासून ते आमचेच झाले. थंडीत बाजारात कोनफळ आलं तेव्हा त्यांना आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि ते ओरडलेच. त्यांच्याकडे कोनफळासारखाच कंद उकडून उखळात कुटतात आणि त्याचा गोळा रश्शाबरोबर खातात. आत्याने माळ्यावरचं जुनं उखळ काढलं. एका बाजूने आत्या, दुसऱ्या बाजूने टुंडेकाका, मध्ये बिचारं कोनफळ. कुटता कुटता ते सांगत होते, की त्यांच्याकडे नवा कंद निघाला की आधी देवाला आणि वाडवडिलांना दाखवायचा, सण करायचा, मग माणसांनी खायचा. त्याआधी ज्याने तोंडात घातला त्याची खैर नाही. मी मराठीत समजावलं. आत्या मुसळ थांबवून म्हणाली, "यात नवीन काय सांगतो? नवा तांदूल पयले कुनाला दावतो आपन?" आणि त्यांच्या पानात आणखी एक गोळा टाकला. नावाचा अर्थ कळला तेव्हा तर तिने मुसळच खाली ठेवलं. आजोबा गेल्यावर घरात मुलगा झाला की योरुबा लोक त्याला बाबाटुंडे म्हणतात, म्हणजे 'बाप परत आला.' आत्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "म्हंजे हा पन हिराजीच," ती म्हणाली.

माझं इंग्रजीसुद्धा त्यांनीच सुधारलं. त्यांची पद्धत सोपी होती. "गलत बोल, लेकिन बोल. चुप रहेगा तो गलती भी नहीं दिखेगा." रोज संध्याकाळी ते मला त्यांचा एकेक सण इंग्रजीत सांगत, मी तो इंग्रजीत परत सांगायचा, आणि शनिवारी मराठीत मुलांना. आजही मी वर्गात इंग्रजी बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात जरा इबादान आणि जरा सुकट लागते.

पहिल्या शनिवारी मी ओशुन नदीच्या सणाची गोष्ट सांगितली. फार पूर्वी काही माणसं पाण्याच्या शोधात रानातून फिरत फिरत एका नदीकाठी आली. जागा आवडली. घरं बांधायला त्यांनी एक मोठं झाड तोडलं, ते धाडकन नदीत पडलं. तोच पाण्यातून आवाज आला, "अरे, माझी रंगाची मडकी फोडलीत की रे!" नदीत ओशुन देवी राहत होती आणि ती तिथे कापड रंगवायची. माणसं घाबरली, पाया पडली. देवी शांत झाली. म्हणाली, जरा वरच्या अंगाला जाऊन राहा, मी तुम्हाला सांभाळीन, तुम्ही दरवर्षी मला भेटायला या. म्हणून तिथे दरवर्षी एक मुलगी डोक्यावर देवीचा नैवेद्य घेऊन नदीकडे चालत जाते आणि अख्खं गाव तिच्यामागे.

 मग पहिल्या रांगेतल्या चिंगीने हात वर केला. ती साडेचार वर्षांची होती आणि तिला कधीच कशाचं आश्चर्य वाटत नसे. "सर, आमच्या मामाकडे भिवंडीला नाल्यात रोज रंग येतो. काल लाल, परवा हिरवा. तिथली देवी रोज मडकी फोडते?"

 वीस वर्षं होऊन गेली, त्या नाल्यावरून जाताना मला अजून ती देवी आठवते.

दुसऱ्या शनिवारी ओगुन. हा लोखंडाचा देव. देवांना पृथ्वीवर यायचं होतं, पण वाटेत गच्च जंगल. बाकीच्या देवांची हत्यारं वाकली, मोडली. ओगुनने लोखंडाचा कोयता घेतला, सपासप वाट कापली आणि सगळे देव त्याच्यामागून खाली उतरले. म्हणून लोहार, शिकारी आणि मोटारी चालवणारे त्याचा सण करतात, आपण दसऱ्याला हत्यारं पुजतो तसा. एका ट्रक ड्रायव्हरचा मुलगा इम्रान उठून उभा राहिला. "सर, उसने रास्ता बनाया? तो कशेळीका ट्रॅफिक भी उसको बोलो ना. अब्बू तीन घंटा खडे थे."

संमेलनात मात्र मी तिसरा सण दाखवायचं ठरवलं, एगुंगुन. या सणात मेलेले वाडवडील घरच्यांना भेटायला येतात. डोक्यापासून पायापर्यंत कापडाच्या पट्ट्यांनी झाकलेले. अंगाचा तसूभरही भाग दिसत नाही. ते गोल फिरतात तेव्हा सगळ्या पट्ट्या हवेत उडतात आणि ज्याला तो वारा लागेल त्याचं भलं होतं. हा सण का सुरू झाला याची टुंडेकाकांच्या आजीने सांगितलेली गोष्ट अशी: एका गावात बाजाराच्या दिवशी मरण आपली माणसं घेऊन यायचं, हातात सोटे, आणि दिसेल त्याला झोडपायचं. शेवटी एका हुशार माणसाने रंगीबेरंगी कापडाचा असा झगा शिवला आणि एका गावकऱ्याला घातला. मरण आलं, समोर हा पट्ट्यापट्ट्यांचा गरगरणारा प्रकार पाहिला, आणि सोटे टाकून जे पळालं ते परत त्या बाजारात फिरकलं नाही. ही गोष्ट मुलांनी मला सलग चार शनिवार सांगायला लावली. मरण पळतं तिथे सगळा वर्ग उठून टाळ्या वाजवायचा.

टुंडेकाका आधी तयार नव्हते. ते रविवारी चर्चमध्ये जात. "लेकिन दादाजी आता है ना, तब मैं भी गली में खडा रहता," ते गंभीरपणे म्हणाले. "ये नाटक नहीं है, हिराजी." बाईंनी त्यांना चहा देऊन शांतपणे समजावलं की मुलांना थट्टा म्हणून नाही, ओळख म्हणून दाखवायचं आहे. तेव्हा त्यांनी तीन नियम घालून होकार दिला. एक, झग्यात घरातल्या माणसाचं जुनं कापड असलं पाहिजे, नुसतं बाजारचं नाही. दोन, आतल्या माणसाने स्वतःसाठी काही मागायचं नाही. आत गेला की तो स्वतः नसतोच. तीन, आत कोण होतं हे कधी कोणाला सांगायचं नाही. हे प्रकरण लिहून मी तिसरा नियम पुन्हा एकदा मोडतो आहे. पहिल्यांदा कधी मोडला ते पुढे येईलच.

कापडाची भिवंडीत काय कमतरता? लूमवाल्यांकडून दोन पोती चिंधी मिळाली, लाल, जांभळी, जरीची, फुलाफुलांची. आईने आणि मी आठवडाभर पट्ट्या टाचल्या. डोळ्यांपुढे जाळी हवी होती म्हणून कांद्याच्या गोणीचा तुकडा लावला. राहिलं घरचं कापड. माळ्यावर आत्याची पत्र्याची पेटी होती. त्यात आजोबांचा कमरेला बांधायचा लाल-काळ्या चौकड्यांचा रुमाल होता. जाळ्यात अडकून एका कोपऱ्याला फाटलेला आणि आत्याने हिरव्या दोऱ्याने शिवलेला. आत्याला विचारलं असतं तर 'बारक्या' ऐकायला मिळालं असतं. मी विचारलं नाही. ती शेजारी हळदीला गेली असताना मी पेटी उघडली, रुमाल घेतला आणि झग्याच्या छातीवर सगळ्यात वर टाचला. चोरी केली असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, मी नियम पाळतोय.

संमेलन रविवारी दुपारी चारला होतं. देवळासमोर मांडव, खुर्च्या, आणि बाजूला मोठ्या टोपांत पुरी-भाजी आणि जिलबी. गावातली बँजो पार्टी बोलावली होती. टुंडेकाकांनी त्यांना तोंडाने त्यांच्याकडच्या ढोलाचा ताल शिकवला होता आणि त्यांनी माना डोलावल्या होत्या. जपानची मुलं कागदाचे मासे घेऊन आली आणि गेली. अमेरिकेचा नाताळबाबा स्टेजवरच झोपला, त्याला उचलून न्यावं लागलं. मग आमचा नंबर आला. मी झगा घातला आणि पहिल्यांदा मला कळलं की कांद्याच्या गोणीतला वास कांद्याबरोबर जात नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ओल्या पट्ट्या, अंधार, आणि जाळीतून दिसणारं निम्मं जग. टुंडेकाका निळा झगा घालून हातात काठी घेऊन माझ्यापुढे चालत होते, कारण वाडवडिलांना कोणी हात लावू नये म्हणून पुढे एक राखणदार लागतो. त्यांनी बँजो पार्टीला खूण केली. पार्टीने पहिले चार ठोके इबादानचे वाजवले. पाचव्या ठोक्याला त्यांचे हात सवयीने वळले आणि थेट आमच्या आगरी लग्नांतल्या हळदीचा ताल सुरू झाला.

माझेही पाय आगरी. ते माझं ऐकेनात. मी गिरकी घेतली, पट्ट्या उडाल्या, मुलं किंचाळली, "मरण पळालं, मरण पळालं!" म्हाताऱ्या बायकांनी हसता हसता हात जोडले. आमच्याकडे ढोल वाजताना कोणी असं घुमायला लागलं की ते संमेलन राहत नाही, देव अंगात आल्याचं लक्षण ठरतं. आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आत्या उठली.

तिची नजर माझ्या छातीवरच्या हिरव्या दोऱ्यावर होती.

ती सरळ चालत आली. टुंडेकाकांनी काठी आडवी धरली, त्यांच्या गावी याच काठीला लोक घाबरून पळतात. "सरक रं टुंडे," आत्या म्हणाली, आणि ते सरकले. तिने पदर डोक्यावर घेतला, बाजूच्या देवळातून कोणीतरी आणून दिलेला नारळ माझ्या पायाशी ठेवला, आणि वाकून नमस्कार केला. बँजो थांबला. गोदामाकडे मागे येणाऱ्या एका ट्रकची टुंग-टुंग मांडवात ऐकू आली.

"बाबा," आत्या म्हणाली. आयुष्यात मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता, परकरातल्या पोरीचा. "लय वरसांनी आलास. उभ्या उभ्या एकच इचारते. पोराला शिकवू का गोदामात लावू? तू सांगशील तसं करीन."

पहिल्या रांगेत दादा ताठ बसले होते. त्यांच्या शेजारी शेठ. स्टेजच्या कडेला प्रधानबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. हसू की रडू, मला जाळीतून कळेना. माझ्या जिभेवर एकच वाक्य होतं, 'शिकव'. तीन अक्षरं. ती उच्चारली की माझं आयुष्य माझ्या हातात. आणि समोर टुंडेकाका डोळे वटारून माझ्याकडे बघत होते. आतल्या माणसाने स्वतःसाठी काही मागायचं नाही. मी मागणार नव्हतो, पण नाही तर म्हणू काय? गप्प राहिलो तर आत्या वाट बघत राहणार, ती संध्याकाळपर्यंत उभी राहील अशी बाई होती. नाकातून पाणी, घशात कांदा. मग माझ्या तोंडून, घोगऱ्या आणि माझ्याच कानांना अनोळखी आवाजात, ते निघालं जे मी लहानपणापासून हजारदा ऐकलं होतं.

"पयले जेवा, मंग बगू."

मांडवात एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "हिराजीच हाय!" आणि डोळे पुसू लागला. आत्याने दोन्ही हातांनी माझ्यावरून बोटं मोडली. मग वळून ती गर्दीला म्हणाली, "ऐकलं ना? पानं मांडा." अजून दोन देशांचे सण बाकी होते. ते राहूनच गेले. इंग्लंडची मुलं आजतागायत स्टेजवर यायची आहेत.

मी देवळामागे झगा उतरवला, तोंड धुतलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पंगतीत येऊन बसलो. समोरच्या रांगेत आत्या आणि दादा. दादा दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, शेठ उद्या मानूस पाठवनार हाय. काय सांगू?"

"जेवलास का?"

"जेवलो."

"मंग आता बगते मी. बाबा कुठं आला?"

"हितं."

"गोदामात आला? तुझ्या शेठच्या हापिसात आला?"

"न्हाय."

"घरी आला?"

"न्हाय, ताई."

"पोरांच्या शालेत आला. येवढ्या वरसांनी मानूस येतो तो उगाच पाय दुखवायला येत न्हाय." तिने दादांच्या पानात जिलबी वाढली. "शेठला शिटी दुसऱ्याला दे म्हनावं."

दादांनी जिलबी उचलली आणि खाऊन टाकली. आमच्या घरात एवढा मोठा निर्णय एवढ्या कमी शब्दांत पुन्हा झाला नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. मी मागितलं नव्हतं, पण मिळालं मात्र होतं. आणि ज्याच्या नावाने मिळालं त्याचा रुमाल मी न विचारता काढला होता. सकाळी आत्या चुलीपुढे भाकऱ्या थापत होती तेव्हा मी तिच्या बाजूला जाऊन बसलो आणि रुमाल तिच्यापुढे ठेवला. "आत्या, झग्यात मी होतो."

तिने भाकरी उलटली. "बारक्या," ती म्हणाली, आणि मी डोळे मिटून घेतले. "पेटी उघडलीस ती उघडलीस, कुलूप कोन लावनार? झुरलं शिरली असती ना."

"आत्या, मी काय सांगतोय? आजोबा नव्हते. मी होतो."

"मना दिसत न्हाय काय? पायात चपला कुनाच्या होत्या? मीच आनल्यात बाजारातून." तिने भाकरी निखाऱ्यावर टाकली. ती टम्म फुगली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आत कोन व्हता म्हनलास?"

"मी."

"तू कोन?"

"हिराजी."

"मंग?" आत्या म्हणाली, आणि फुगलेली भाकरी माझ्या ताटात ठेवली. "खोटं काय झालं? चा घे, हिराजी."

मी हे टुंडेकाकांना सांगितलं तेव्हा नियम मोडल्याबद्दल ते रागावतील असं वाटलं होतं. ते खूप वेळ हसले. म्हणाले, "मेरा दादी भी ऐसाच बोलता." पुढच्या महिन्यात गाठी रवाना झाल्या आणि त्यांच्याबरोबर तेही गेले. जाताना आत्याने त्यांना किलोभर सुकट पाच पिशव्यांत गुंडाळून दिली. विमानात काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी इंग्रजी काढलं, पुढची दोन वर्षंही काढली. शेवटची परीक्षा देऊन मी नाशिकला गेलो, बाईंच्या बहिणीने लहान मुलांचं शिबिर भरवलं होतं आणि गोष्टी सांगायला कोणी हवं होतं. निकाल लागला तेव्हा मी तिथेच. मित्राने फोनवर कळवला. त्याला मी बजावलं की काल्हेरला तोंडातून शब्द काढू नकोस. दादांकडे तोवर मोबाईल आला होता, पण आत्या तो कानाला लावत नसे, म्हणे माणूस दिसत नाही तर बोलायचं कोणाशी. म्हणून मी पोस्टात जाऊन निळं आंतर्देशीय पत्र आणलं. आत्या गेल्यानंतर ते तिच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं, त्या रुमालाच्या घडीत ठेवलेलं. जसं होतं तसं इथे उतरवतो.

तीर्थरूप आत्यास,

हिराजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. जेवण बरं आहे, पण मासे नाहीत. शिबिरात तीस मुलं आहेत. काल त्यांना मरण पळाल्याची गोष्ट सांगितली. इथली मुलंपण तिथेच टाळ्या वाजवतात. एकीने विचारलं, तो झगा घातलेला माणूस कोण होता? मी म्हटलं, ते सांगायचं नसतं.

आत्या, तू मला त्या दिवशी विचारलंस की पोराला शिकवू का, तेव्हा मला 'शिकव' म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, आणि तरी तू शिकवलंस. तू मला कधी पुस्तक उघडून दिलं नाहीस, कारण तुला ते उलटं आहे की सुलटं हे कळत नव्हतं. पण मी वाचत बसलो की तू कोंबड्यांनासुद्धा ओटीवर येऊ देत नव्हतीस. हे मी कोणाकडे बोललो नाही, म्हणून लिहितो आहे. दादा हे वाचून दाखवत असतील, त्यांच्यापुढे रडू नकोस, नाहीतर तेही रडतील आणि पुढचं वाचायचं राहील.

टुंडेकाकांचं कार्ड बाईंच्या पत्त्यावर आलं आहे. त्यांना नातू झाला. सुकट संपली असं लिहिलं आहे.

माझा निकाल लागला. काय लागला ते या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे. दादांना म्हणावं, घाई करू नका, पत्र उलटं करू नका.

पयले जेवा, मंग बगा.

तुझा,
हिराजी